हाउन्सलो ते ॲबर्डीन, सुनेच्या मागे बसून

कुणी मला विचारलं की हाउन्सलोहून ॲबर्डीनला जायला किती वेळ लागतो, तर मी आधी विचारते, कशाने जाणार? विमानाने म्हणालात तर ते विमानतळवाल्यांना माहीत. गाडीने म्हणालात तर ते देवाला आणि बर्मिंगहॅमच्या ट्रॅफिकला माहीत. पण मोटरसायकलने म्हणालात तर मी सांगू शकते, कारण मी गेलेली आहे. सकाळचा चहा हाउन्सलोच्या स्वयंपाकघरात प्यायले आणि संध्याकाळी, ऊन अजून भिंतींवर असताना, ॲबर्डीनला हेल्मेट काढलं. मधे सगळं इंग्लंड आणि बरंचसं स्कॉटलंड. साठी ओलांडलेली बाई मी, गुडघे तेव्हाही कुरकुरत होते. आता इतकी वर्षं झाली, तरी टीव्हीवर हवामानाचा नकाशा आला की मी खालून वरपर्यंत बघते आणि माझं मलाच खरं वाटत नाही.

तेव्हा मी मुलाकडे राहत होते. हे गेल्यावर पुण्याचं घर बंद करून जी आले ती इथलीच झाले. लेक ॲबर्डीनला, कारण जावई समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला. काही आठवडे पाण्यात, काही आठवडे घरात, असा त्याचा संसार. लेकीला दिवस गेले तेव्हा मी म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरी. ती म्हणाली, "आई, माझी मिडवाइफ इथे आहे, हॉस्पिटल इथे आहे, मी हाउन्सलोला येऊन काय करू?" मग असं ठरलं की ती माहेरी येणार नाही, माहेरच विमानात बसून तिच्याकडे जाईल. माहेर म्हणजे मी. तिकीट काढलं. जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवली, आळिवाचे लाडू वळले, डिंकाचे वळले. तारखेच्या चांगले पंधरा दिवस आधी पोचायचं, म्हणजे घाई नको, असा सगळा हिशेब.

बाळाला हिशेब कुणी सांगितला नव्हता. ज्या दिवशी माझं विमान, त्याच दिवशी पहाटे लेकीचा फोन आला. "आई, पाणी गेलंय. हॉस्पिटलला निघालेय." आवाज अगदी शांत ठेवला होता तिने, आणि तो ऐकूनच मी उठून दिवा लावला. ही मुलगी लहानपणी पडली की रडायची नाही, फक्त गप्प व्हायची. मी विचारलं, जावई? तो प्लॅटफॉर्मवर. त्याला आणायला हेलिकॉप्टर लागतं, आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तिचे सासू-सासरे, म्हणजे आमच्या विहीणबाई आणि व्याही, ब्रिस्टलला, तेही इतक्याच लांब. शेजारीण तिला हॉस्पिटलात सोडून कामावर जाणार होती. "मिडवाइफ म्हणते पहिली वेळ आहे, खूप वेळ लागेल," लेक म्हणाली. मग म्हणाली, "तू आजच येतेयस ना? मला एकटीला नाही जमणार गं."

मी म्हटलं, येतेच.

फोन ठेवला आणि टीव्ही लावला, तर हीथ्रोवर सगळा गोंधळ. त्या ऑगस्टमधली ती सकाळ ज्यांनी इथे काढली त्यांना आठवेल. सुरक्षेचं काहीतरी मोठं झालं होतं, हातात पिशवी न्यायची नाही, पाण्याची बाटली न्यायची नाही, माणसं बाहेर फुटपाथवर बसलेली आणि विमानं रद्द. आमच्या घरावरून एरवी विमानं इतकी खालून जायची की चाकं मोजता यावीत. त्या दिवशी आकाश नुसतंच निळं आणि गप्प. मला त्या शांततेची भीती वाटली. माझं विमान रद्द झालेलं होतंच. ट्रेनचं बघावं तर फोनच लागेना, आणि विमान हुकलेली सगळी दुनिया तिकडेच धावलेली.

मुलगा ऑफिसच्या कामाने पुण्याला होता. घरात मी आणि सून. ही सूनही ब्रिस्टलचीच, म्हणजे तिथेच जन्मलेली. वडील साताऱ्याकडचे, आई लहानपणीच गेलेली. विमानाच्या इंजिनांचं काहीतरी काम करते, मला विचारू नका. मराठी समजतं सगळं, बोलते ते तिच्या पद्धतीने. 'रस्ता चांगली आहे', 'चहा झाली' असं. आणि घराच्या बाजूला, वेलीखाली, तिची ती मोटरसायकल. म्हशीएवढी. लग्नाआधीपासूनची. मुलगा चेष्टेने म्हणायचा, ही मला हुंड्यात मिळाली.

ती चहाचा कप हातात घेऊन टीव्हीकडे बघत होती. म्हणाली, "आई, बाईकने जाऊ."

"कोण?"

"तुम्ही आणि मी."

"अगं, गाडी आहे की दारात."

"गाडी घेतली तर लंडनच्या बाहेरच, एम-ट्वेंटीफाइव्हवरच आपण म्हातारे होऊ. म्हणजे, तुम्ही ऑलरेडी आहात. मी पण होईन." मग कप ठेवला आणि एकदम गंभीर झाली. "आज सगळे लोक रस्त्यावर आहेत, आई. गाडी उभी राहील. बाईक उभी नाही राहत. मी फास्ट नाही चालवणार, प्रॉमिस. मी फक्त थांबणार नाही."

मी फास्ट नाही चालवणार, फक्त थांबणार नाही. तेव्हा मला वाटलं, काहीतरी भाषेचा गोंधळ करतेय. संध्याकाळपर्यंत कळलं की त्या दिवशीचं सगळ्यात नेमकं मराठी वाक्य तिनेच बोललं होतं.

मुलाचं जॅकेट मला घातलं, त्याचीच पँट खाली दोनदा दुमडून. पायात माझे थंडीतले बूट. हेल्मेट तिचं जुनं. त्यात डोकं घातलं आणि जग एकदम लांब गेल्यासारखं झालं, रांजणात डोकं घातल्यावर होतं तसं. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना दोन पेट्या होत्या. त्यात माझी सबंध बॅग काही मावणार नव्हती. दुपटी गेली, आळिवाचे लाडू गेले. डिंकाच्या डब्यावर आमचं भांडण झालं.

"आई, डबा किंवा रेनसूट. दोन्ही नाही होणार."

"बाळंतिणीला डिंक लागतो."

"बाळंतिणीची आई भिजून आजारी पडली तर?"

डबा राहिला. ती पेटी बंद करायला वळली तेव्हा मी मात्र चार लाडू जॅकेटच्या खिशात टाकले.

मग बसायची वेळ आली. आता माझं अर्धं आयुष्य स्कूटरच्या मागे गेलेलं. ह्यांच्या मागे बसून मी मंडई केली, लग्नं केली, एकदा मांडीवर मिक्सर घेऊन आले. त्यामुळे मी सवयीने पदर सावरल्यासारखं केलं आणि दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसले. सूनबाई मागे वळून बघतच राहिली.

"आई, एक पाय इकडे, एक पाय तिकडे."

"मला असं बसायची सवय आहे."

"इथे पोलिसांना सवय नाही."

पाय टाकला कसाबसा. बागेच्या भिंतीचा आधार घेतला, शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणापलीकडून हातातला पाण्याचा पाइप तसाच धरून बघत होते, त्यांचे बूट भिजले. मग तिने नियम सांगितले. वळणावर मी झुकेन तिकडे झुका, उलट नको. एरवी बटाट्याच्या पोत्यासारखं बसा. आवाज काही ऐकू येणार नाही, बोलू नका. "आणि थांबायचं असेल, दुखलं, भीती वाटली, काहीही, तर माझ्या खांद्यावर हात मारा. असं. मी लगेच थांबेन. का म्हणून विचारणार नाही." तिने माझ्या खांद्यावर दोनदा थापटून दाखवलं. "आपल्याला दिवसभर हा एकच शब्द आहे, आई."

निघालो. पहिला काही वेळ मी डोळे मिटूनच होते, हे सांगायला लाज नाही. डोळे उघडले ते मोटरवेवर, कारण आवाज बदलला होता. समोर गाड्याच गाड्या. तिन्ही लेन उभ्या. दूर चढावर सुद्धा टपांचं ऊन चमकत होतं, म्हणजे तिथपर्यंत उभ्या. माणसं दारं उघडून बाहेर आली होती, एक बाई कुत्र्याला फिरवत होती चक्क. मी मनात म्हटलं, संपलं. लेक एकटी आणि मी इथे.

आणि आम्ही थांबलोच नाही. ती हळू झाली, पायी धावणाऱ्या माणसाइतकी, आणि दोन लेनच्या मधे जी फट असते त्या फटीत शिरली. अशी शिरली, जसा सुईत दोरा जावा. दोन्ही बाजूंना गाड्यांचे आरसे माझ्या कोपरांच्या जवळून जात होते. आत माणसं दिसत होती, सॅंडविच खाणारी, नकाशा उलटा धरलेली, भांडणारी. एकेक घर उघडं टाकल्यासारखं. आणि पुढच्या गाड्या आरशात आम्हाला बघून जरा जरा बाजूला सरकत होत्या, हॉर्न नाही, शिव्या नाहीत. कुणी सरकलं की सूनबाई काय करायची, तर पाय बाहेर काढायची. चक्क लाथ दाखवायची त्या माणसाला. मी मागे मेल्याहून मेल्यासारखी. इतकी चांगली माणसं, आणि ही लाथा काय दाखवते? मला तर माझाच पाय कुणाला लागला तर हात लावून नमस्कार करायची सवय, मी प्रत्येक गाडीला मनातल्या मनात नमस्कार करत गेले.

ती रांग संपली तेव्हा रस्ता एकदम मोकळा झाला, आणि मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. पुढे निळी पाटी आली. मोठी, घराच्या भिंतीएवढी. इंग्रजीत लिहिलेलं, द नॉर्थ. बस. गावाचं नाव नाही, काही नाही. उत्तर. मी आयुष्यात इतक्या पाट्या बघितल्या, चाकण अमुक किलोमीटर, नाशिक तमुक किलोमीटर, पण अख्ख्या दिशेलाच गाव केलेलं पहिल्यांदा बघितलं. त्या पाटीखालून जाताना माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, आपण आता कुठल्या गावाला नाही चाललो, उत्तरेलाच चाललोय.

पहिल्या पेट्रोलला थांबलो तेव्हा तिने शिस्त सांगितली. ती पेट्रोल भरेपर्यंत मी टॉयलेटला. ती पैसे देईपर्यंत मी लेकीला फोन. मग ती टॉयलेटला आणि मी एक केळं. मग तिचं केळं आणि निघायचं. चहा नाही, दुकानात डोकावणं नाही, बाकावर बसणं नाही. मी म्हटलं, "अगं, जरा टेकू की." ती म्हणाली, "रस्त्यावर कुणी वेळ हरवत नाही, आई. सगळे इथे हरवतात. एक कॉफी, मग एक मॅगझिन, मग कारची चावी कुठे आहे. आणि मग ते नव्वद माइल्सने चालवतात. आपण सत्तरने जाऊ आणि त्यांच्या आधी पोचू."

"आणि ते लाथा दाखवणं?"

"कसलं लाथ?" मग कळलं तिला, आणि हसता हसता तिने पेट्रोलचं झाकण खाली पाडलं. "ते थँक्यू आहे, आई. हात हँडलवर असतात ना. मग पायाने थँक्यू."

मी विचार केला, हा देश म्हणजे देश आहे. पायाने आभार मानतात आणि लोकांना ते पोचतात.

लेकीचा फोन शेजारणीने उचलला, ती अजून तिथेच थांबली होती. कळा सुरू आहेत, पण अजून वेळ आहे, असं म्हणाली. सूनबाईने विचारलं, "बाळ आला का?"

"आला नाही, आलं. बाळ आलं का, असं म्हणायचं. मुलगा की मुलगी कळेपर्यंत बाळ ते असतं."

"ओके. बाळ आलं का?"

"नाही आलं. चल."

पुढचा रस्ता मी तुम्हाला कसा सांगू? गाडीतून मी ह्या देशात पुष्कळ फिरले होते. गाडीत बसलं की इंग्लंड दिसतं. मोटरसायकलवर बसलं की इंग्लंड लागतं, अंगाला. कापलेल्या गवताचा वास येतो, तो जातो तोवर शेणाचा, मग कुठल्या तरी कारखान्यातून बिस्किटं भाजल्याचा. पुलाखालून गेलं की मानेवर गार सावली पडते आणि उचलली जाते. बर्मिंगहॅमला पुन्हा गाड्या उभ्या, पुन्हा तो सुईदोरा. प्रेस्टनच्या पुढे पाऊस आला. आला म्हणजे आम्हीच त्याच्यात गेलो, पडद्यातून आत जावं तसं, आणि पलीकडे बाहेर आलो तर ऊन. मागे वळून बघितलं तर पाऊस तिथेच उभा. घरात बसून आपण म्हणतो, पाऊस थांबला. त्या दिवशी मला कळलं की पाऊस कुठेच जात नाही, आपण तिथे नसतो इतकंच. रेनसूटने मी कोरडी होते, आणि डिंकाच्या डब्याबद्दल मी गप्प बसले.

आणि मग डोंगर. आपल्या सह्याद्रीसारखे कातळ नव्हेत ते, उघडेबोडके, गोल, हिरवे, त्यावर मेंढ्यांचे पांढरे ठिपके. जाणारा रस्ता आणि येणारा रस्ता तिथे एकमेकांना सोडतात, मधे अख्खी दरी. पलीकडच्या डोंगरावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या लॉऱ्या मुंग्यांसारख्या. ढगांच्या सावल्या डोंगर चढत होत्या, आणि आमची सावली त्यांच्याबरोबर. दोन डोकी, एक अंग. मी त्या सावलीकडे बघत होते आणि मनात सारखं येत होतं, सकाळी माझ्या ओट्यावर कढीपत्ता निवडायचा पडला होता. तो अजून तिथेच पडलाय, आणि मी बघा कुठे आहे. ज्या अंतराला आपण 'लांब' म्हणून एक शब्द टाकून मोकळे होतो, ते अंतर एक मुलगी दोन चाकांवर गुंडाळत चालली होती, चटई गुंडाळावी तसं.

वारा तिथे जोरात. एका पुलावर असा आडवा आला की मोटरसायकल बाजूला सरकली, अगदी वीतभर. तिने सावरली. मला भीती वाटायला वेळच मिळाला नाही, पण मला तिचे खांदे दिसत होते. पुढे वाकलेले, घट्ट झालेले, दगडासारखे. सकाळपासून ही पोर हँडल धरून आहे, माझ्या लेकीसाठी. तिची स्वतःची बहीणही नाही, नणंद. मला इतकं भरून आलं की काय सांगू. बोलता येत नव्हतं. मग माझा हात आपोआप उठला आणि मी तिला थोपटलं. मुलं झोपताना कुशीत असतात तेव्हा थोपटतो ना आपण, तसं. खांद्यावर, हळू हळू, दोन-तीनदा.

आणि तिचा इंडिकेटर लागला.

मला कळेना ही का वळते. मोटरवे सोडला, सर्व्हिसेसच्या, म्हणजे पेट्रोलपंप आणि हॉटेलांच्या थांब्याच्या, आवारात शिरली, पहिल्या झाडाखाली गचकन थांबली, उतरली आणि माझं हेल्मेट दोन्ही हातांनी धरून आत बघायला लागली. तिचा चेहरा पांढराफटक.

"काय झालं? चेस्ट? आई, चेस्टमध्ये दुखते?"

"काही नाही गं. मी बरी आहे."

"मग थांबायला का सांगितलं?"

"मी कुठे सांगितलं?"

"तुम्ही हात मारला. दोनदा. तीनदा!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवसभराचा आमचा एकच शब्द, आणि तो मी असा उधळला. "अगं, मी हात नाही मारला. थोपटलं."

"थो... काय?"

"थोपटलं. प्रेमाने. तू इतकी दमलेली दिसलीस."

ती तशीच उभी. वाऱ्याने केस तोंडावर येत होते, ते बाजूला करायचंही सुचलं नाही तिला. "थोपटणे," तिने म्हणून बघितलं. "ह्याला शब्द आहे?"

"लहानपणी तुला कुणी थोपटलं नाही का?"

"असेल. बाबा करायचे बहुतेक. पण त्याचं नाव कुणी नाही सांगितलं." मग नाक पुसलं आणि हसली. "आई, सत्तर माइल्सवर थोपटायचं नाही. पोचल्यावर थोपटा."

"पोचल्यावर थोपटेन."

थांबलोच होतो तर तिने माझे हात बघितले. बोटं निळी पडलेली. "तुमचे हात किती थंड झाली," म्हणत तिने पेटीतून एक दुपटं काढलं, माझ्या गळ्याभोवती गुंडाळून जॅकेटमध्ये खोचलं. मी खिशातून डिंकाचे लाडू काढले. ती माझ्याकडे बघतच राहिली, पण लाडू नाकारला नाही. उभ्या उभ्या दोघींनी दोन-दोन खाल्ले. बाळंतिणीचा खुराक बाळंतिणीला आणणाऱ्यांनी संपवला. मी फोन लावला. ह्या वेळी मिडवाइफने उचलला. म्हणाली, आता भरभर पुढे सरकतंय, तुम्ही कुठे आहात? मी म्हटलं, स्कॉटलंडच्या सीमेच्या अलीकडे. ती म्हणाली, "ओह." एवढंच. त्या 'ओह'मध्ये सगळं होतं. मागून लेकीचा आवाज आला, शब्द नव्हता, नुसता आवाज.

फोन ठेवला. सूनबाईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पेटी बंद केली. हेल्मेट घातलं.

त्या माझ्या थोपटण्याने किती वेळ गेला, मी पुढे सगळी वाट तोच विचार करत होते. स्कॉटलंडची पाटी आली आणि गेली. ग्लासगोची उंच घरं आली आणि गेली. मी दोन्ही हात मागच्या दांडीला असे आवळून धरले होते की पुन्हा उठायलाच नकोत. देवाचं नाव घेत होते, पण मधेच नाव थांबायचं आणि मी नुसती बघायची. पर्थच्या पुढे उजव्या हाताला नदी इतकी रुंद झाली की मला समुद्र वाटला. तिच्या काठाने रासबेरीचे मळे, प्लॅस्टिकखाली झाकलेले, उन्हात चांदीसारखे. ऊन तिरपं झालं होतं पण संपत नव्हतं. उत्तरेकडे जाल तसा दिवस लांब होतो हे मी ऐकलं होतं. त्या दिवशी असं वाटलं की सूर्यसुद्धा थांबून बघतोय, ह्या दोघी पोचतात का. आणि मग एका उतारावर खरा समुद्र आला. निळा, गार, रिकामा. त्याच्यात कुठेतरी लोखंडाच्या मचाणावर माझा जावई उभा असणार, त्याच्याकडे मोटरसायकल नाही, आणि असती तरी रस्ता नाही. मला त्याची फार दया आली.

ॲबर्डीन आलं ते दगडी. सगळी घरं राखाडी दगडाची, त्या दगडात काहीतरी चमकणारे कण असतात, संध्याकाळच्या उन्हात अख्खं गाव लुकलुकत होतं. हॉस्पिटलच्या दारात मी उतरले आणि माझे पाय वाकलेलेच राहिले. सूनबाई म्हणाली, "तुम्ही पळा, मी लावून येते." पळा म्हणे. बदकासारखी फेंगडी चालत मी आत गेले. दारावरच्या माणसाने बघितलं, मोठं जॅकेट, दुमडलेली पँट, गळ्यात फुलाफुलांचं दुपटं, हातात हेल्मेट. मी म्हटलं, माय डॉटर. त्याने काही न विचारता लिफ्टचं बटण दाबलं.

खोलीचं दार उघडलं तेव्हा लेक कॉटच्या दांडीला धरून होती. केस कपाळाला चिकटलेले. तिने माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"आई? हे काय घातलंयस?"

"तुझ्या दादाचं आहे."

"विमानं तर बंद होती. कशी आलीस?"

"वहिनीच्या मागे बसून."

तिला हसायला आलं आणि त्याच वेळी कळ आली, आणि ती दोन्हींमध्ये एकदमच सापडली. मी तिचा हात धरला. माझा हात बर्फासारखा होता, तिचा तव्यासारखा. त्यानंतर तिने तो सोडला नाही. खिडकीबाहेर आकाश अजून फिकट उजेडाचं होतं तेव्हा बाळ आलं. मुलगी. मिडवाइफने पहिल्यांदा माझ्या हातात दिली, लेक उशीला टेकून नीट बसेपर्यंत. इवलासा चेहरा, रागावलेला. मी तिला कानात सांगितलं, तू पंधरा दिवस आधी आलीस, पण आम्हीही काही कमी नाही.

थोड्या वेळाने विहीणबाईंचा फोन. त्याही बातमी कळल्याबरोबर सकाळीच ब्रिस्टलहून गाडीने निघाल्या होत्या. "अहो, अभिनंदन. आम्ही अजून लँकेस्टरच्याही अलीकडे आहोत, आता इथेच मुक्काम करतोय. काय तो ट्रॅफिक. तुम्हाला विमान मिळालं वाटतं?"

"नाही हो. मोटरसायकलने आलो."

तिकडे त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग, "कुणाच्या?"

"आमच्या सुनेच्या."

"मागे बसून?"

"पुढे बसायला शिकले नाही अजून," मी म्हटलं.

मग मला आठवलं, सूनबाई कुठे आहे? बाळाला लेकीजवळ ठेवून बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ती बसल्या जागी झोपली होती. जॅकेट तसंच, हातमोजे मांडीवर, मान एका बाजूला पडलेली. हाताची बोटं अजून अर्धी मिटलेली होती, हँडल धरल्यासारखी. एवढा सगळा देश ह्या हातांतून गेला आज. मी शेजारी बसले. कबूल केलं होतं तसं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोपटायला लागले.

तिने डोळे उघडले नाहीत. झोपेतच तिचा डावा अंगठा जरासा हलला, इंडिकेटरचं बटण शोधल्यासारखा. "थांबू, आई?" ती पुटपुटली. "बाळ आलं का?"

"आलं," मी म्हटलं. "आता थांब."